एक शब्द जास्त

आईला हाक मारता येत नसे. ती हाळी घालायची. हाक घरातल्या माणसाला मारायची आणि हाळी लांब रानात गेलेल्याला, हा फरक आमच्या आंबेटेकात सगळे पाळत, पण आईला तो मान्य नव्हता. चुलीपुढे बसल्या बसल्या तिनं मला हंडा भरून आणायला सांगितलं की खालच्या आळीतली माणसं हातातलं काम थांबवून म्हणायची, "भागाकाकूला पानी पायजेल." आबा, म्हणजे माझे वडील, तिच्या अगदी उलट. त्यांचं बोलणं शेजारी बसलेल्यालाही वाकून ऐकावं लागे. लग्नात आईनं नाव घेतलं ते म्हणे मांडवाबाहेर बांधलेल्या बैलांनी ऐकलं, आणि आबांनी घेतलेलं नाव आईला अजून ऐकू आलेलं नाही. हा विनोद आई स्वतःच सांगायची आणि आबा पानाला चुना लावत गालातल्या गालात हसायचे.

आमची भातखाचरं घरापासून उतरत उतरत ओढ्यापर्यंत गेली होती आणि ओढ्याच्या पलीकडे काळा कडा उभा होता. कडा अजून आहे. त्याच्या पायथ्याशी आता शनिवार-रविवारपुरत्या माणसांच्या बंगल्यांची रांग आहे आणि त्यातले चार प्लॉट मीच विकलेत. त्या वेळी कड्यासमोर फक्त आम्ही होतो. आबा खालच्या खाचरात असले की आई बांधावर उभी राहून छाती भरून घ्यायची आणि 'अवोऽऽ' अशी हाळी घालायची. मग गप्प. कडा ते 'वोऽऽ' परत पाठवायचा. तो आवाज पुरता विरला की मगच पुढचं सांगायची, 'भाकरी झालीऽ.' मधे बोललं तर आपला शब्द आणि कड्याचा शब्द एकमेकांत गुंततात आणि खालच्या माणसाला काहीच समजत नाही. लहानपणी मी एकदा मधेच ओरडलो तेव्हा तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. "त्याचं बोलून हुंदे की," म्हणाली. कड्याला ती 'त्यो' म्हणायची, घरातल्या थोरल्या माणसासारखं.

त्या घराची आठवण मला आधी नाकात येते. उन्हाळ्याच्या शेवटी राब भाजायचे, म्हणजे जिथं भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या. आठवडाभर सगळ्या खोऱ्यावर निळसर धूर बसून असायचा आणि आमच्या कपड्यांना, भाकरीला, आईच्या केसांना तोच वास. सकाळी पेज आणि भाजलेली सुकट. पावसाळ्यात आबा खाचरातून खेकडे पकडून आणायचे, आई त्यांचे नांगे पाट्यावर ठेचून रस काढायची आणि त्या कालवणाला असा काही रंग यायचा की जेवताना घरात कोणी बोलत नसे, आईसुद्धा. एरवी तिचं तोंड चालू. मुसळाच्या ठेक्यावर बोलायची, जात्याबरोबर बोलायची, कोंबड्यांना शिव्या द्यायची त्या पण अशा चालीत की कोंबड्या थांबून ऐकायच्या. आज माझ्या घरात तीन टीव्ही आहेत आणि कोणत्याच खोलीत एवढा आवाज नाही.

मी बारावीला नापास होऊन घरी बसलो होतो. बसलो म्हणजे बाजार करत होतो. आमचे तांदूळ, शेजाऱ्यांचे तांदूळ, त्यांच्या दिवसांत करवंदं, अळूची पानं, जे मिळेल ते पाटीत भरून पौडच्या आणि पिरंगुटच्या बाजारात विकायचं. वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत मी एवढं शिकलो की पुढं आयुष्यभर नवीन काही शिकावं लागलं नाही. आमच्या बाजारात 'न्हाई' दोन तऱ्हेचा असतो. एक न्हाई म्हणून माणूस पाटी उचलून चालायला लागतो. दुसरा न्हाई म्हणून तोच माणूस पाटी खाली ठेवतो आणि तंबाखू काढतो. हा दुसरा न्हाई ओळखायची खूण अशी की त्याच्या पुढंमागं एखादा बारीक शब्द चिकटलेला असतो. 'एवढ्याला न्हाई', 'आत्ता न्हाई', 'अशी न्हाई'. असा शब्द ऐकू आला की समजायचं, माणूस देणार आहे, फक्त कशी ते विचारायचं राहिलंय. मला हे ऐकू यायचं. समोरच्यानं तोंड उघडायच्या आधी ऐकू यायचं. याच कानावर मी पुढं विटा-वाळूचा धंदा उभा केला, जमिनीचे व्यवहार केले, माझ्याशी घासाघीस करताना भल्याभल्या बिल्डरांना घाम फुटला. कुणाच्या बापाचं काही घेतलं नाही. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढं जे झालं ते कळायला हे सांगावं लागतं.

एका कंपनीला कारखान्यासाठी आमची खाचरं हवी होती. नोटिसा आल्या तेव्हा शेजारच्या भरे गावात काहींच्या जमिनी आधीच गेल्या होत्या, त्यामुळे कागद ओळखीचा होता. देवळापुढं सभा झाली. मास्तर, म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर, संघर्ष समितीचे अध्यक्ष झाले. त्यांनी भाषण सुरू केलं आणि कलमांचे नंबर सांगायला लागले. अर्ध्या तासात मागच्या बायका उठून गुरं बघायला जायला लागल्या. तेव्हा आई उभी राहिली. ती काही बोलायला उठली नव्हती, तिला निघालेल्या बायकांना थांबवायचं होतं. तिनं देवळाच्या पायरीवरून कड्याकडं तोंड करून हाळी घातली, "जमीऽऽन." कड्यानं 'मीऽऽन' परत दिलं. सगळ्या सभेनं ते विरेपर्यंत श्वास धरला. आणि मग कोणीही न सांगता तीनशे माणसं एका तोंडानं बोलली, "द्यायची न्हाई!"

माझ्या अंगावर काटा आला होता. हे लिहितानाही आलाय. त्या घोषणेत आमच्या बाजूनं तो कडा बोलत होता. मास्तरांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

त्यानंतर महिन्याभरानं वृंदाताई आल्या. पुण्याच्या एका कॉलेजात शिकवायच्या, खांद्याला टेपरेकॉर्डर, पायात कापडी बूट. आमच्याच पडवीत उतरल्या. गाव त्यांना 'टेपवाल्या बाई' म्हणायचं. आईनं पहिल्याच दिवशी त्यांना भात वाढताना विचारलं, "तुमी नक्की कशापायी आलाय बाई?"

"चळवळीचा अभ्यास करायला, काकू. लोक काय मागतात ते सगळेच लिहितात. लोक ते कुठल्या शब्दांत मागतात, कुणाला ऐकू जावं म्हणून बोलतात, कुठं थांबतात, ते मला लिहायचंय."

"म्हंजी आमचं भांडान शिकाया आलाय," आई म्हणाली. "तुमच्या कालिजात भांडत न्हाईत व्हय?"

"भांडतात. पण तुमच्याइतकं चांगलं नाही."

"मंग बसा. हितं रोज हाय. आमचं ह्ये तेवढं सोडून." आबांकडं बोट दाखवून आई हसली आणि ताईंच्या ताटात आणखी भात घातला.

दोन महिन्यांत ताईंनी सगळ्या सभा, सगळी गाणी, बायकांच्या शिव्यासुद्धा टेपवर घेतल्या. मी पाटी घेऊन बाजारातून आलो की त्या मला ऐकवायच्या आणि विचारायच्या, इथं लोक हसले ते का, हा माणूस 'आमी' म्हणतो तेव्हा त्यात कोण कोण येतं. मी सांगायचो. एके दिवशी त्या म्हणाल्या, "दत्तू, तुला भाषेचा कान आहे." मला तोपर्यंत कुणी काही 'आहे' असं सांगितलंच नव्हतं. नापास, तापट, भांडकुदळ, एवढंच. त्या एका वाक्यावर मी किती दिवस चालत होतो ते आता सांगायला लाज वाटते. समितीचे फलक मी लिहायला लागलो, घोषणा जुळवायला लागलो. मास्तर माझ्याकडून तपासून घ्यायला लागले. माझ्या डोक्यात वारं गेलं होतं.

मग पुण्याचा मोर्चा ठरला. पाच टेम्पो भरून आम्ही गेलो. नोटिसा काढणाऱ्या मोठ्या कचेरीच्या फाटकासमोर रस्त्यावर बसलो. आई सगळ्यांच्या पुढं. तिनं छाती भरून घेतली आणि हाळी घातली, "जमीऽऽन." आणि थांबली. समोर सहा मजली इमारत होती, खिडक्यांत उभे कारकून होते, मागं गाड्यांचे हॉर्न. परत काहीच आलं नाही. किती थांबायचं ते कोणालाच कळेना. पुढच्या काही बायका लवकर बोलल्या, मधले अडखळले, मागच्यांचं 'न्हाई' एकटंच उरलं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी एक रिक्षावाला रिक्षा हळू करून ओरडला, "ओ मावशी, पुढचं पाठ न्हाई केलं का?" खिडकीतले कारकून हसले.

माझं डोकं फिरलं. रिक्षावाला पुढं गेला म्हणून वाचला. मी टेम्पोच्या हौद्यावर चढलो, आईनं चौथ्यांदा 'जमीन' म्हटलं आणि ती थांबायच्या आत मी गळा फाडून ओरडलो, "अशी!" आणि हातानं खूण केली. लोक म्हणाले, "द्यायची न्हाई!" एकदम ठोक्यात. जमीन अशी, द्यायची न्हाई. जमीन अशी, द्यायची न्हाई. लेझमीसारखं बसलं. खिडकीतलं हसणं थांबलं. मागच्या टेम्पोतले लोकसुद्धा उतरून नाचायला लागले. अर्धा तास तो रस्ता आमचा होता आणि मी हौद्यावर उभा राहून हात हलवत होतो. आई मला पाठमोरी दिसत होती, तिची पाठ हलत नव्हती. ताई फुटपाथवर उभ्या राहून वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मी खाली उतरून घाम पुसत विचारलं, "कसं वाटलं, ताई?"

"मी सांगायचं नसतं रे," त्या म्हणाल्या. "मी ऐकायला आलेय."

परतताना टेम्पोत आई माझ्यासमोर बसली होती. चांदणी चौक मागं पडला. मग म्हणाली, "त्यो सबुद कुनी घातला?"

"मी."

"कशापाई?"

"मधी जागा मोकळी राहत व्हती. लोक चुकत व्हते."

"मोकळी न्हवती ती," आई म्हणाली. "त्याची व्हती."

"पुण्यात कुटनं आनू तुझा कडा?" मी खेकसलो. टेम्पोतली माणसं हसली. आई नाही हसली. तोंड फिरवून बाहेर बघत राहिली.

गावात परतल्यावरही घोषणा तीच राहिली. पोरांना ती आवडली होती, तिच्यावर नाचता येत होतं. कड्यासमोर ओरडलं की 'अशी' आणि कड्याचं 'मीऽऽन' एकमेकांत अडकून गोंधळ व्हायचा, पण तोवर आमचा आवाज इतका वाढला होता की कड्याकडं कोणाचं लक्षच नव्हतं. आई पुढं बसायची, घोषणा मात्र द्यायची नाही. घसा बसलाय म्हणायची.

पंधरा दिवसांनी त्या कचेरीतले एक मोठे साहेब स्वतः गावात आले. देवळापुढं खुर्च्या मांडल्या, ताई टेप घेऊन पायरीशी बसल्या. पाच-साडेपाचची उन्हं होती, कडा तांबूस झाला होता. साहेब गोरेगोमटे, शांत, मराठी शुद्ध. आम्ही त्यांना अर्धा तास घोषणांनी बोलू दिलं नाही. ते मांडीवर हात ठेवून ऐकत राहिले. आम्ही दमलो तेव्हा ते उठले, माईक बाजूला केला आणि साध्या आवाजात म्हणाले, "मी मघापासून ऐकतोय. तुम्ही म्हणता, अशी द्यायची नाही. बरोबर आहे तुमचं. मग कशी द्यायची?"

सगळं मैदान गप्प झालं. मास्तर चष्मा पुसायला लागले. कोणालाही उत्तर माहीत नव्हतं, कारण आम्ही पंधरा दिवस जे ओरडत होतो त्याला पुढं उत्तर असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. हळूहळू सगळ्या माना आईकडं वळल्या. आई पायरीवर उभी राहिली. तिनं पदर खोचला. कड्याकडं तोंड केलं आणि छाती भरून श्वास घेतला, मला तिचे खांदे वर गेलेले दिसले.

आणि मी बोललो. "घरटी एक नोकरी," मी ओरडलो. "पक्की. लिहून. मग बोलू."

मग मागून एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. साहेबांनी खिशातून पेन काढलं. "आणखी?" म्हणाले. मास्तरांनाही आता आठवायला लागलं, रस्ता, दवाखाना, शाळेच्या दोन खोल्या. लोक पुढं सरकले, खुर्च्यांभोवती कडं झालं. मी त्या कड्याच्या मधोमध होतो. वळून बघितलं तेव्हा पायरीवर आई नव्हती. ती घराकडं चालत गेली होती, गुरांच्या वेळेला रोज जायची तशीच, सावकाश.

जमीन गेली. नोकऱ्या आल्या त्या ठेकेदाराच्या कागदावर आल्या. आमच्या घरची जी एक होती ती आबांना मिळाली, कारण मला कुणाच्या हाताखाली राहायचं नव्हतं. आबांना गेटवर उभं केलं, आमचं दुसरं खाचर होतं साधारण त्याच जागी. गाडी थांबवून नाव विचारायचं काम. त्यांचा आवाज इंजिनापुढं कुणाला ऐकू यायचा नाही. ड्रायव्हर काच खाली करून, "काय म्हणतो म्हाताऱ्या? जोरात बोल!" म्हणून ओरडायचे. मी एकदा एका ड्रायव्हरला केबिनमधून खाली ओढला. आबांनी माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाले, तेही मला ऐकू आलं नाही.

आईनं पुन्हा कधी हाळी घातली नाही. घरात हाक मारायला शिकली, तीही बारीक आवाजात. आणि आणखी एक. ती बाजारात मोल करेनाशी झाली. पौडच्या बाजारात कोथिंबीरवाली जे सांगेल ते तिच्या हातावर ठेवायची आणि जुडी उचलायची. बाजारात सगळे मला ओळखणारे, मी शरमेनं अर्धा व्हायचो. एकदा वांगीवाल्यालाच राहवेना. "आवं मावशी, कायतरी कमी म्हना की! मी उगाच चढवून सांगितलंया." आई म्हणाली, "तू सांगितलंस, मी ऐकलं. मधी आनिक काय बोलायचं?" तो माझ्याकडं बघायला लागला. मी भाव बघायचा बहाणा करून दुसऱ्या पाटीकडं वळलो.

ताईंचं पुस्तक बऱ्याच वर्षांनी आलं. मी ते एका ओळखीच्याकडून मागवून घेतलं आणि आमच्या गावावरचं प्रकरण तीनदा वाचलं. माझं नाव त्यात नाही. 'एक तरुण कार्यकर्ता' आहे. त्यानं मोर्चात घोषणेत एक शब्द घातला आणि नकाराच्या भाषेत सौद्याला वाट करून दिली, आणि हे तिथल्या तिथे, फुटपाथवर उभ्या असताना आपल्या लक्षात आलं, असं ताईंनी लिहिलंय. मी पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. तिथल्या तिथे लक्षात आलं! पंधरा दिवस होते मधे. पंधरा दिवस ही बाई आमच्या पडवीत झोपली, आईच्या हातची पेज प्याली, आणि तिनं कुणाला सांगितलं नाही की बाबांनो, हा शब्द काढा. आमचं घर जळताना तिनं ज्वाळा किती उंच जातात ते मोजलं. माझी ही तक्रार तेव्हापासून आहे आणि मी ती सोडलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी प्रणाली नावाची एक मुलगी माझ्या ऑफिसात आली. लातूरकडची, हिंजवडीत नोकरी, तिथंच जवळ नेऱ्यात भाड्यानं राहते आणि शनिवार-रविवारी जुन्या चळवळींच्या भाषणांवर पीएचडी करते. मला वाटलं प्लॉट बघायला आली. तिनं मोबाइल काढला. ताईंच्या टेप आता कॉम्प्युटरवर चढवल्यात म्हणे.

"काका, ॲक्च्युअली एकच गोष्ट विचारायची होती. साहेब विचारतात, 'मग कशी द्यायची?' पुस्तकात त्याच्यापुढे कंसात 'शांतता' लिहिलंय. पण ती शांतता नाहीये. ऐका ना." तिनं आवाज मोठा केला. साहेबांचा प्रश्न आला. खुर्ची करकरली. लांबवर एक गाय हंबरली. आणि मग अगदी टेपच्या माईकजवळ कोणीतरी आत ओढून घेतलेला श्वास, लांब, भरपूर. त्यावर माझा एकोणीस वर्षांचा आवाज कुऱ्हाडीसारखा पडला. "कोण आहे हे? कोणीतरी बोलणार होतं ना?"

मी तिला हाकलून दिलं. काय वाट्टेल ते बोललो. बिचारी चार्जर विसरून गेली. मग तिला फोन करून माफी मागितली आणि ती ध्वनिफीत मागून घेतली. अजून मोबाइलमध्ये आहे. साइटवर, गाडीत, कुठंही असलो की ऐकतो, माझा आवाज यायच्या आधी बंद करतो.

आणि मग मी ताईंकडं गेलो. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतात, गुडघे गेलेत. त्यांनी मला ओळखलं. मी चपला काढायच्या आधीच सुरुवात केली. "तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं. मग बोलला का नाहीत? मी विचारलं होतं तुम्हाला. तोंडानं विचारलं होतं."

त्यांनी खुर्ची दाखवली, थर्मासमधून चहा ओतला. म्हणाल्या, "तू मुद्दाम घातलास असं वाटलं मला."

"मुद्दाम?"

"दत्तू, तू बाजारात वाढलेला मुलगा. 'अशी नाही' म्हणजे काय ते तूच मला शिकवलं होतंस, आठवतं? पडवीत बसून. मग तुला ते माहीत नव्हतं असं मी कसं समजू? मला वाटलं, या मुलानं ओळखलं की जमीन जाणारच आहे, म्हणून दार किलकिलं केलं. मला हुशारी वाटली ती. तसंच लिहिलंय मी."

"मग नाव का नाही घातलं?"

"नाव घातलं असतं तर गावानं तुला धरलं असतं," ताई म्हणाल्या. "चहा घे."

मी चहाला हात न लावता उठलो. जिन्यात मी पायरीवर बसलो. ज्या बाईला मी इतकी वर्षं मनात शिव्या घातल्या तिनं मला झाकलं होतं, आणि झाकताना माझ्यावर असा आरोप केला होता जो गावानंही कधी केला नव्हता. राग गेला नाही. राग ठेवायला जागा मात्र सापडेना.

आता खरं लिहितो, कारण ते विचारणारं आता कुणी नाही. हौद्यावर चढलो तेव्हा माझ्या मनात नाद होता, रिक्षावाल्याचा राग होता, आणखी काही नव्हतं. याची शपथ घ्यायला मी तयार आहे. पण परतताना टेम्पोत आईनं तोंड फिरवल्यावर मी गप्प बसलो आणि मला माझाच शब्द पुन्हा ऐकू आला, बाजारात समोरच्याचा ऐकू येतो तसा. समजा कुणी विचारलं, कशी? भूगाव येईपर्यंत माझ्याकडं उत्तर तयार होतं. घरटी एक नोकरी, पक्की, लिहून. पंधरा दिवस मी ते तोंडात धरून होतो. शब्द काढून टाका म्हणून मीही कुणाला सांगितलं नाही. साहेबांनी प्रश्न विचारला तेव्हा सगळ्या गावाला धक्का बसला, मला नाही बसला. मी वाटच बघत होतो.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात ती माझ्या नव्या घरात, पुढच्या खोलीत होती. एका दुपारी मी तिला चमच्यानं पेज भरवत होतो. दोन घास घेऊन तिनं हातानं थांब म्हणून खूण केली.

"दत्तू."

"काय गं?"

"सायब इचारत व्हता तवा मी काय बोलनार व्हते, ठावं हाय का तुला?"

इतक्या वर्षांत तिनं तो दिवस एकदाही काढला नव्हता. मी चमचा वाटीत ठेवला.

"न्हाई," मी म्हणालो. "सांग."

"मलाबी ठावं न्हाई," आई म्हणाली. "बोलले असते तर कळलं असतं."